तक्त्यातील रक्त आणि नळीतील रक्त

निगडीहून देहूकडे जाणारा रस्ता तळवड्याशी आला म्हणजे एका अंगाला संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली रात्रंदिवस धडधडणारे छोटे कारखाने, असे दोन संसार शेजारी-शेजारी नांदताना दिसतात; आणि सकाळच्या पाळीला निघालेला माणूस संगणकापुढे बसणारा असो वा प्रेस मशीनपुढे उभा राहणारा असो, त्याच्या गळ्यात एक ओळखपत्र लोंबत असते. त्या ओळखपत्रावर छायाचित्र, नाव, खाते आणि क्रमांक यांच्या खाली, बहुधा एका कोपऱ्यात, ‘रक्तगट’ असा एक रकाना असतो. कारखाना कामगाराला त्याचे गाव वरवर विचारतो, त्याचे शिक्षण गरजेपुरते विचारतो, परंतु रक्तगट मात्र आवर्जून लिहून घेतो. कारण यंत्राशी ज्याची रोजची गाठ आहे त्याचे रक्त एखादे दिवशी सांडण्याचा संभव आहे, ही गोष्ट मालक आणि नोकर या दोघांनीही काही न बोलता गृहीत धरलेली असते.

आमच्या शेजारी एक मुलगी परिचर्येचा अभ्यास करते. तिचे वडील चाकणच्या बाजूला पाळीने कामाला जातात, आणि त्यांची रात्रपाळी असली म्हणजे दिवसा त्यांची झोप मोडू नये म्हणून ती आमच्या व्हरांड्यात पुस्तके घेऊन बसते. परवा तिच्या वहीवर मला एक तक्ता दिसला. डाव्या हाताला दात्याचे आठ गट, वरच्या बाजूस ग्राहकाचे आठ गट, आणि मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखी चौसष्ट घरे. त्यांपैकी सत्तावीस घरांत बरोबरची खूण आणि उरलेल्या सदतीस घरांत फुली. “काका, एवढं पाठ झालं की चार मार्क कुठं जात नाहीत,” ती म्हणाली. मी सहज विचारले, “तपासणीत ज्याचा गट ओ आला, त्याला ओ गटाचं रक्त चालेल ना?” तिने माझ्याकडे पाहिले ते, दोन अधिक दोन किती असे विचारणाऱ्याकडे पाहावे तसे, आणि ती “चालणारच की!” म्हणाली. तक्त्याचे उत्तर तेच आहे आणि परीक्षेत गुणही त्यालाच मिळतील. रक्तपेढीत मात्र या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा चालेल, पण नळीला विचारू’ असे आहे. आणि ‘चालणारच’ व ‘बहुधा चालेल’ यांमधील अंतर भाषेपुरते नसून एका विशिष्ट प्रकारच्या शिक्षणाचे आहे, असे मला वाटते.

प्रथम तक्त्याची बाजू न्यायाने मांडली पाहिजे, कारण हा तक्ता म्हणजे मानवी बुद्धीच्या सुबक कृतींपैकी एक आहे. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर याने स्वतःचे आणि आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन, एकाचे रक्तजल दुसऱ्याच्या रक्तपेशींत मिसळून कोठे पुंजके धरतात व कोठे धरत नाहीत हे टिपले, आणि १९०१ साली त्यावरून माणसांचे तीन वर्ग असल्याचे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना चौथा, म्हणजे एबी, सापडला. ज्याच्या पेशींवर ए हे प्रतिजन नाही त्याच्या रक्तजलात ए-विरोधी प्रतिपिंड असते, ज्याच्यावर बी नाही त्याच्यात बी-विरोधी. हा नियम एकदा ध्यानात आला म्हणजे घोकंपट्टीची फारशी तसदी न घेता उभा तक्ता पुन्हा मांडता येतो. लँडस्टायनरला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर दहा वर्षांनी त्याने व अलेक्झांडर वीनर याने ऱ्हीसस माकडाच्या रक्ताच्या आधारे शोधलेल्या आरएच या घटकामुळे चार गटांचे आठ झाले. आपल्याकडे या घटकाच्या अभावाचे, म्हणजे ‘निगेटिव्ह’ रक्ताचे, प्रमाण शंभरात सुमारे पाच इतके अल्प आहे आणि युरोपात ते सुमारे पंधरा आहे. उलट बी गट मात्र युरोपात विरळा आणि आपल्याकडे मुबलक. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅसिडोनियाच्या आघाडीवर निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासणाऱ्या लुडविक व हांका हिर्झफेल्ड या दांपत्याला हिंदी शिपायांमधील बी गटाचे आधिक्य स्पष्ट दिसले होते. तेव्हा तक्ता जगभर एकच असला तरी त्यातील कोणते घर गजबजलेले आणि कोणते ओस, हे मुलखामुलखावर अवलंबून असते.

परंतु या इतिहासातील एक गोष्ट परीक्षेच्या पुस्तकांत बहुधा एका ओळीत आटोपली जाते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. लँडस्टायनरच्या शोधाला सहा-सात वर्षे होतात न होतात तोच, १९०७ साली, न्यूयॉर्कच्या रूबेन ऑटनबर्ग या वैद्याने रक्त देण्यापूर्वी प्रत्येक वेळी दाता आणि ग्राहक यांच्या रक्ताची प्रत्यक्ष गाठ नळीत घालून पाहण्याची पद्धत रुग्णालयात आणली. आज रक्तपेढीत जिला सर्वजण क्रॉसमॅच म्हणतात ती हीच चाचणी. दोघांचेही गट ठाऊक असताना, आणि तक्ता होकार देत असताना, पुन्हा हा खटाटोप कशासाठी? कारण तक्ता वर्गाबद्दल बोलतो आणि रक्त द्यायचे असते ते एका व्यक्तीला. ए आणि बी यांखेरीज रक्तपेशींवर आणखी शेकडो प्रतिजने असतात. ज्याला पूर्वी कधी रक्त चढवले आहे किंवा जी स्त्री अनेकदा गरोदर राहिली आहे, त्यांच्या रक्तात यांपैकी एखाद्याविरुद्ध प्रतिपिंड निर्माण झालेले असू शकते, आणि त्याची नोंद चौसष्ट घरांपैकी एकातही नसते. रक्तदानाचे आधुनिक शास्त्र नियम सापडल्याच्या दिवशी पुरे झाले नाही. नियमाला रोज नव्याने जामीन मागण्याचा शिरस्ता ज्या दिवशी पडला त्या दिवशी ते खऱ्या अर्थाने सुरू झाले.

ओ हा ‘सर्वदाता’ आणि एबी हा ‘सर्वग्राही’, ही दोन बिरुदे प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असतात. ती केवळ लाल पेशींपुरती खरी आहेत. रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करून दिला की सगळा व्यवहार उलटतो: ओ गटाच्या प्लाझ्मात दोन्ही प्रतिपिंडे असल्याने तो ओ गटाखेरीज इतरांना देणे धोक्याचे, आणि कालचा सर्वग्राही एबी हाच आज सर्वदाता ठरतो. एकाच पिशवीचे पेशी, प्लाझ्मा आणि बिंबिका असे भाग करून ते तीन रुग्णांना देण्याच्या आजच्या काळात ‘सर्वदाता’ हे बिरुद ‘कशाचा?’ असे विचारल्याशिवाय वापरणे म्हणजे जमिनीचा गट क्रमांक न पाहता सातबारा वाचण्यासारखे आहे.

आणि सर्वदात्याच्या या बिरुदाला सर्वांत मोठा तडा गेला तो आपल्याच मुलखात, परळला. १९५२ साली केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉ. वाय. एम. भेंडे, त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया, आणि लंडनच्या लिस्टर संस्थेतील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांनी मिळून ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगट-लक्षणाची हकिगत प्रसिद्ध केली. मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्तपेशी ए-विरोधी वा बी-विरोधी रक्तजलात पुंजके धरीत नव्हत्या. म्हणजे तक्त्याप्रमाणे त्यांचा गट ओ ठरत होता. परंतु त्यांच्या रक्तजलात ओ गटाच्या पेशी घातल्या तर त्याही पुंजके धरीत होत्या. ज्या रक्ताला सर्वांनी सर्वदाता मानले होते, ते रक्त या माणसांना विषासमान होते.

कारण पुढे उलगडले, आणि ते मोठे मनोहर आहे. ए आणि बी ही प्रतिजने अधांतरी उभी नसतात. एच नावाच्या एका पायाभूत द्रव्यावर ए गटाचे विकर एक शर्करा-कण बसवते, बी गटाचे विकर दुसरा, आणि ओ गटात काहीच न बसवले गेल्यामुळे एच तसेच उघडे राहते. म्हणजे ओ म्हणजे शून्य नव्हे. ओ म्हणजे कळस न चढवलेला पाया. परळला सापडलेल्या माणसांच्या पेशींवर हा पायाच नव्हता, आणि जे आपल्यात नाही त्याविरुद्ध प्रतिपिंड असते या लँडस्टायनरच्याच नियमानुसार त्यांच्या रक्तजलात एच-विरोधी प्रतिपिंड होते. यालाच जग ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणते. शहराचे नाव बदलले तरी रक्ताचे बदललेले नाही. भारतात साधारणतः दहा हजारांत एकाचे रक्त असे असते आणि युरोपात दहा लाखांत एकाचे. आई आणि वडील दोघांकडून हा दुबळा वारसा आला तरच तो प्रकट होतो, आणि म्हणून जेथे आते-मामे भावंडांची लग्ने रूढ आहेत तेथे त्याचा संभव वाढतो. यातील विपर्यास असा की अशा माणसाच्या लाल पेशींवर ए, बी, एच यांपैकी काहीच नसल्यामुळे, आरएच जुळत असेल तर, त्या कोणत्याही गटाला चालू शकतात. मात्र त्याला स्वतःला त्याच्याच जातीच्या विरळ रक्तावाचून दुसरे कोणतेही चालत नाही. तक्त्यातील सर्वांत उदार दाता तक्त्याबाहेर उभा आहे, आणि तोच सर्वांत दरिद्री याचक आहे.

मला या प्रसंगात शोधापेक्षाही शोधकांच्या मनाची ठेवण विचारार्ह वाटते. कल्पना करा की त्या प्रयोगशाळेत तक्ता मुखोद्गत असलेला, पण तक्त्यावाचून दुसरे काही न शिकलेला एखादा हुशार पदवीधर बसला असता. ओ रक्तजलात ओ पेशींनी पुंजके धरले हे पाहून त्याने काय केले असते? नळी नीट धुतलेली नसावी, रक्तजल शिळे असावे, सहायकाने नमुन्यांची अदलाबदल केली असावी, असे म्हणून त्याने निरीक्षणालाच गुन्हेगार ठरवले असते आणि तक्त्याची अब्रू राखली असती. या शंका घेणे गैर नाही. त्या प्रथम घेतल्याच पाहिजेत. परंतु त्या फिटल्यावरही नळी तेच सांगत राहिली तर विश्वास नळीवर ठेवायचा, पुस्तकावर नव्हे, हे धैर्य तेथे दाखवले गेले. म्हणून गिरणगावाच्या कुशीतील एका महापालिकेच्या रुग्णालयाचे नाव जगाच्या रक्तशास्त्रात कायमचे नोंदले गेले, आणि १९५७ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईत काढलेले रक्तगट संदर्भ केंद्र आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या रूपाने केईएमच्याच आवारात उभे आहे.

आता आपल्या परीक्षांकडे पाहा. चार पर्याय, त्यांपैकी एक बरोबर, आणि चुकीला कित्येकदा गुणकपात. अशा रचनेत ज्याला शंका येते तो मागे पडतो आणि ज्याला येत नाही तो पुढे जातो. ‘ओ गटाच्या रुग्णाला कोणते रक्त द्याल?’ या प्रश्नाखाली ‘प्रथम नमुना घेऊन क्रॉसमॅच करीन’ असा पर्याय क्वचितच असतो, आणि एखाद्या विचारी विद्यार्थिनीच्या मनात तो आलाच तर तो मनातून काढून टाकण्याचे शिक्षण तिला शिकवणी वर्गात रोख पैसे घेऊन दिले जाते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की हजारोंच्या संख्येने बसणाऱ्या उमेदवारांची परीक्षा अशाच पद्धतीने घेणे भाग आहे, आणि पाठांतराला हिणवणे सोपे असले तरी रात्री तीन वाजता, थकलेल्या मेंदूने, पिशवीवरचा गट वाचताना उपयोगी पडते ते पाठांतरच. हे मला मान्य आहे. ज्याला तक्ता येत नाही त्याला तक्त्याबाहेरचे काही दिसणेच शक्य नाही. एकच घर वेगळे वागते आहे हे ओळखायला बाकीची त्रेसष्ट घरे हाडीमासी खिळलेली असावी लागतात. माझी हरकत पाठांतराला नाही. पाठांतरालाच ज्ञानाची शेवटची पायरी मानून त्यावर शिक्कामोर्तब करण्याला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. प्रेस मशीनखाली हात सापडलेला कामगार, किंवा चाकण रस्त्यावर अवजड वाहनाखाली आलेला दुचाकीस्वार समोर असताना शंका काढीत बसायला सवड कोठे असते? तेथे ठाम हात हवा. साशंक परिचारिका ही रुग्णावरचे दुसरे संकट ठरेल. हेही खरे आहे, आणि म्हणूनच प्राणसंकटात क्रॉसमॅचची वाट न पाहता ओ गटाच्या लाल पेशी देण्याची मुभा शास्त्राने ठेवली आहे. पण त्या मुभेची अट पाहण्यासारखी आहे: पिशवी लावण्यापूर्वी रुग्णाचा नमुना काढून घ्यायचा, आणि इकडे रक्त जात असता तिकडे जुळणीची चाचणी पुरी करायची. म्हणजे घाईच्या परमावधीतही शास्त्राने शंकेला रजा दिलेली नाही. तिची पाळी तेवढी बदलली आहे. डळमळीत मनाची शंका वेगळी आणि जिला एक ठरलेली कृती बांधून दिली आहे ती शंका वेगळी. पहिली हात थरथरवते, दुसरी हाताला काम देते.

ही दुसरी शंका कोठे सर्वांत अधिक लागते याचे उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. विसंगत गटाचे रक्त जाऊन जे अनर्थ होतात त्यांचे प्रमुख कारण प्रतिपिंडांचे अज्ञान हे नसून दफ्तरी चूक हे असते: नळीवर दुसऱ्याच रुग्णाची चिठ्ठी, शेजारच्या खाटेवरील माणसासाठी आलेली पिशवी, एकाच आडनावाचे दोघे, ओळखीची खातरजमा न करता ‘हो’ला ‘हो’. ज्या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश आणि बिहार येथून आलेली माणसे एकाच दालनात शेजारी-शेजारी पडलेली असतात, जेथे एकाला दुसऱ्याची भाषा धड कळत नाही आणि सोबतीला नातेवाईक नसून केवळ खोलीतला सोबती आलेला असतो, तेथे नावाची खातरजमा हे रक्तशास्त्राचेच अंग होय. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरील मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली, आणि होरपळलेल्या कामगार स्त्रियांना पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणि पुण्याच्या ससूनमध्ये न्यावे लागले, ती आठवण या परिसरातून गेलेली नाही. अशा एकाच वेळी अनेकजणी आल्यावर, चेहरा ओळखीचा राहिला नसताना, मनगटावरची पट्टी आणि नळीवरची चिठ्ठी यांच्या मेळावर किती अवलंबून असते याचा विचार पाठ्यपुस्तकातील कोणत्याही तक्त्यापेक्षा मनाला अधिक गंभीर करतो.

तळवड्याहून देहू हाकेच्या अंतरावर आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि ऋणकोंना मोकळे केले अशी आख्यायिका आहे. तेथे कागद बुडवण्यात करुणा होती. रक्तपेढीत करुणेचा मार्ग नेमका उलट जातो. येथे प्रत्येक पिशवीचा क्रमांक, प्रत्येक नमुन्याची वेळ, देणाऱ्याची आणि पडताळणाऱ्याची सही, हे सारे कागद जपण्यातच दयाबुद्धी आहे, आणि ‘कारकुनी काम’ म्हणून आपण ज्याची हेटाळणी करतो ते येथे औषधोपचाराइतकेच पवित्र ठरते.

तेव्हा परीक्षेत बदल करायचा तर तो कसा? उत्तर परीक्षेतच दडलेले आहे. परिचर्येच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न पुनःपुन्हा येतो: रक्त सुरू केल्यावर थोड्याच वेळात रुग्णाला थंडी वाजून आली, कंबर दुखू लागली, तर परिचारिकेची पहिली कृती कोणती? बरोबर उत्तर आहे, रक्त थांबवणे. मग सलाईनने शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना कळवायचे, नाव-क्रमांक पुन्हा पडताळायचे आणि पिशवी रक्तपेढीकडे परत पाठवायची. या प्रश्नात दोन्ही गट जुळलेले असतात, कागद बिनचूक असतात, तक्ता होकार देत असतो. आणि तरीही गुण मिळतात ते रुग्णाच्या देहाची साक्ष या सर्वांपेक्षा वरची मानणाऱ्याला. असे प्रश्न अपवादादाखल एक-दोन न येता रक्तगटाच्या प्रकरणाचा कणा झाले पाहिजेत. कोणता गट कोणाला चालतो हे विचारावे, आणि लगेच विचारावे की चालेल असे वाटत असताना नळीत पुंजके दिसले तर पुढे काय. पेशींची तपासणी एक गट सांगते आणि रक्तजलाची तपासणी दुसरा, तर कोणता अहवाल लिहावा. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणताच नाही, आधी विसंगती सोडवावी’ हे आहे. आणि ‘कोणताच नाही’ याला पूर्ण गुण देणारी परीक्षा जेव्हा निघेल तेव्हा भेंडे-भाटियांचा वारसा आपण खऱ्या अर्थाने अभ्यासक्रमात घेतला असे म्हणता येईल.

त्या मुलीला मी परळची हकिगत सांगितली. ती ऐकून घेतल्यावर तिने विचारले, “पण काका, बाबांच्या कार्डावर ओ पॉझिटिव्हच लिहिलंय. ते कुणी तपासलं होतं?” मला उत्तर ठाऊक नव्हते, तिच्या वडिलांनाही ते बहुधा ठाऊक नसावे, नोकरीत लागताना त्यांनी सांगितले आणि कारकुनाने लिहून घेतले, इतकाच त्या दोन अक्षरांचा पुरावा असेल. सुदैवाने कोणतीही नेकीची रक्तपेढी त्या ओळखपत्रावर विसंबत नाही. ती दंडातून नव्याने नमुना काढते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. वडिलांच्या गळ्यातल्या छापील रकान्याविषयी तो प्रश्न तिला पडला, याचे चार गुण तिला कोणी देणार नाही. ती पुन्हा तक्ता घोकायला बसली, आणि तो घोकलाच पाहिजे. रात्रपाळीहून आलेले तिचे वडील शेजारच्या खोलीत झोपले होते.